सातवं गाणं पुरवंताचं

आमच्या मालकांचा आवाज म्हणजे काय सांगू तुम्हाला! चौबाऱ्याजवळच्या दुकानात बसून ह्यांनी हाक मारली की इकडं घरात माझ्या हातातली पळी पडायची. मधी दोन गल्ल्या अन् एक शाळा. लग्न होऊन उदगीरला आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटलं, हा माणूस माझ्यावर चिडलाय. सासू म्हणली, "चिडला न्हाई बाई, मीठ मागून राहिला."

मालकांचं नाव गावात विचारा, रेवणप्पा पुरवंत म्हणून शेंबडं पोरगंही घर दाखवील. आम्हा लिंगायतांच्या लग्नात वीरभद्राचा गुग्गुळ निघतो. मडक्यात गुग्गुळ जळत असतो, पुढं वाजंत्री, अन् सगळ्यांच्या समोर हातात तलवार घेऊन पुरवंत. तो वीरभद्राची कथा म्हणतो. म्हणतो कसला, गर्जतो! त्याला ओडपू म्हणायचं. अर्धा कानडी, अर्धा मराठी. लिहिलेला कुठंच न्हाई. मालकांना त्यांच्या बापानं तोंडी दिला, बापाला आज्यानं. आम्हाला दोन्ही पोरी, अन् पोरींना शिकवायची रीत न्हाई. मोठी रुद्राणी निलंग्याला दिली, धाकटी सिंधु पुण्यात नोकरी करून राहिली. पुतण्याला शिकवायला बसवलं तर चौथ्या दिवशी म्हणला, काका, माझा घसाच बसला. मग कधी बसला न्हाई तो. पुतण्या, घसा न्हवं.

दुकान बैलांच्या साजाचं. कासरे, वेसणी, गोंडे, झुली, घुंगरमाळा. पण दोन हजार सोळाचं साल तुम्हाला माहीतच हाय. तिसरा दुष्काळ. लातूरला रेल्वेनं पाणी आलं, टीव्हीवाले सगळे तिकडं पळाले. आम्हाला दहा दिवसाला एक टँकर, तोही आला तर. ज्याचा बैल चारा छावणीत बांधलाय तो घुंगरमाळ कशाला घेतो? लग्नं झाली ती घरातल्या घरात, हळद लावली की अक्षता. गुग्गुळाचं नाव काढायला लोक लाजायला लागले. मालकांची तलवार भिंतीवर लटकून राहिली.

अन् संक्रांतीपासून आवाज बसला. मी म्हणलं, बरं झालं, माझ्या कानाला जरा आराम. माझ्या जिभेला काही हाड न्हाई बघा. जेष्ठमध झालं, हळद-दूध झालं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. मार्चपर्यंत आवाज असा झाला की फोनवर सिंधुनं विचारलं, कोण बोलून राहिलंय?

तेव्हा नांदेडला गेलो. डॉक्टरनं घशात कॅमेरा घातला अन् पडद्यावर दाखवलं. म्हणले, "आवाजाच्या पट्टीवर गाठ आहे. काढावी लागेल. काढून तपासायला पाठवू."

"कशाची हाय?" मी विचारलं.

"तपासल्यावरच सांगता येईल."

"अन् आवाज?"

"बोलता येईल. पण पहिल्यासारखा येईल, असं मी आज सांगणार नाही."

ऑपरेशनची तारीख तीन आठवड्यांनंतरची दिली. परत येताना एसटीत मालक खिडकीकडं तोंड करून बसले. मुखेड गेलं, मुक्रमाबाद गेलं, एक शब्द न्हाई. घरी आल्यावर तर बोलणंच सोडलं. पाणी पाहिजे तर तांब्या दाखवायचे, जेवण नको तर हात हलवायचे. मी भांडण काढून बघितलं, मुद्दाम वरणात मीठ घातलं न्हाई. गपचिप जेवून उठले. तेव्हा मला खरी भीती वाटली. त्या गप्प घरात मला जीव नकोसा झाला, खोटं कशाला बोलू. ज्या आवाजाला तेहतीस वर्षं नावं ठेवली, तो एकदा ऐकायला मिळावा म्हणून मी देवापुढं बसले.

आता त्या पोरांचं सांगते. आमच्या गल्लीत वीरण्णाची दाळ मिल हाय. तुरीचं पीकच न्हाई तर मिल कशाची चालते? बंद. तिच्या पत्र्याच्या शेडमधी वीरण्णाचा पोरगा विरूपाक्ष अन् त्याचे तीन दोस्त संध्याकाळी वाजवायला बसायचे. सगळी इंजिनीअर झालेली पोरं, काळे शर्ट, खांद्यापर्यंत केस. त्यांच्या बँडचं नाव 'बालाघाट'. हेवी मेटल म्हणतात म्हणे त्या वाजवण्याला. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं वीरण्णानं मिल चालू केली. मी पिशवी घेऊन दाळ आणायला निघाले होते!

ही पोरं थंडीत एकदा आमच्याकडं आली होती. सात गाण्यांचं रेकॉर्डिंग करायचं होतं त्यांना. सगळी दुसऱ्यांची गाणी, ह्यांनी आपल्या तऱ्हेनं वाजवायची. त्याला कव्हर म्हणतात, असं विरूपाक्षानं मला समजावलं. सहा गाणी विलायती. सातवं मात्र आपल्या इकडचं पाहिजे, म्हणून ओडपू मागायला आली.

"काका," विरूपाक्ष म्हणला, "तुम्ही गुग्गुळात जो आवाज काढता ना, तो काढायला तिकडचे गायक आयुष्य घालतात."

मालक उठले. तेव्हा आवाज शाबूत होता. "देवाचं म्हणणं काय ऑर्केस्ट्रा हाय का? निघा!" पोरं अशी पळाली की एकाची एक चप्पल आमच्या दारात राहिली.

तर नांदेडहून आल्यावर तिसऱ्या दिवशी मालकांनी एका कागदावर लिहून माझ्यापुढं धरलं. 'विरूपाक्षाला बोलव.'

"कशाला? चप्पल द्यायला?" मी म्हणलं.

तर मालक बोलले. तीन दिवसांत पहिल्यांदा. फाटक्या कापडासारखा आवाज. "ओडपू माझ्यासंगं जाऊ नये."

मी चप्पल घेतली अन् मिलकडं निघाले.

विरूपाक्षाला सगळं सांगितलं तर पोरगं मटकन ढोलाच्या खुर्चीवर बसलं. तिथूनच मी डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर आधी माझ्यावर तापले. ओरडणं तर दूर, कुजबुजायचंसुद्धा नाही म्हणले. मी सोडते होय? मी म्हणलं, "डॉक्टरसाहेब, तुम्ही गाठ काढाल, पण ओडपू राहिला आत तर तो कोण काढणार?" तेव्हा कुठं म्हणले, "एकदा. फक्त एकदा म्हणू द्या आणि घरी घेऊन जा. दोनदा नाही. ताणलं तर मला दोष देऊ नका."

गावात रेकॉर्डिंग करणारा एकच, किशनराव. अंड्यांचे ट्रे भिंतीला चिकटवून तीन खोल्यांचा स्टुडिओ केलाय त्यानं. भजनं, वाढदिवस, निवडणुका, सगळं तिथंच होतं. त्या आठवड्यात त्याच्याकडं 'उदगीर जिल्हा झालाच पाहिजे'चं गाणं चालू होतं, रिक्षावर लावायला. प्यायला पाणी न्हाई अन् नवा जिल्हा पाहिजे, असं मी म्हणणार होते. पण जिल्हा असता तर घशाच्या डॉक्टरसाठी नांदेडपर्यंत जावं लागलं नसतं, म्हणून गप्प बसले. विरूपाक्षानं जिल्हावाल्यांना गाठून सोमवार मोकळा करून घेतला.

ओडपू म्हणायच्या दिवशी पुरवंताला उपास. सकाळी डोक्यावरून अंघोळ, मग लिंगपूजा, विभूती, अन् हातात तलवार. त्या साली आम्ही अर्ध्या बादलीत दोघं उरकायचो. त्या सोमवारी मी दोन बादल्या भरून ठेवल्या. मालकांनी माझ्याकडं बघितलं. "बघता काय? घ्या!" म्हणलं. मग तलवार धोतरात गुंडाळली अन् ऑटोनं निघालो.

किशनराव बोलायला गोड, पण कामात लई कडक. म्हणला, "लाल दिवा लागला की खोकायचं नाही, हालायचं नाही. दुसरा कुठलाच आवाज नको. वहिनी, तुमच्या बांगड्या." मी बांगड्यांवर पदर गुंडाळून त्याच्या शेजारी बसले. मोठ्या खोलीत पोरं वाद्यं घेऊन. मधल्या काचेच्या खोलीत मालक एकटे, कानाला ते हेडफोन, हातात तलवार. काचेतून सगळे सगळ्यांना दिसून राहिले होते.

दिवा लागला. पोरांनी सुरू केलं. मालकांनी छाती भरून घेतली अन् पहिली ओळ टाकली.

काय सांगू! तीन महिन्यांनी तो आवाज. खरखरीत होता, पण होता. किशनरावाचा चहाचा कप बशीत वाजला.

अन् मालक थांबले. आमच्याकडं बघितलं, पोरांकडं बघितलं. खाली बघितलं.

किशनरावानं हातानं खूण केली, म्हणा पुढं. पुन्हा पहिल्यापासून. पुन्हा पहिली ओळ, अन् पुन्हा थांबले. तिसऱ्यांदा ओळ टाकली तेव्हा आवाज मधीच चिरकला.

डॉक्टरनं एकदाच म्हणू द्या म्हणलं होतं. इथं तीन झाले अन् हातात एक ओळ.

विरूपाक्ष गिटार ठेवून बाहेर आला. डोळे भरलेले. "काकू, काकांना तकलीफ होऊन राहिली. राहू द्या गाणं. सहाच करू."

किशनराव म्हणला, "एकेक ओळ घेऊ. मी नंतर जोडतो."

मालकांनी काचेमागून मान हलवली. न्हाई. हात छातीवर ठेवला, मग तोच हात आमच्याकडं केला, अन् तसाच धरून ठेवला. पोरांना वाटलं, छातीत दुखून राहिलंय. एकजण पाणी आणायला पळाला.

मी त्या हाताकडं बघितलं अन् माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

ओडपू एकट्यानं म्हणायचाच नसतो! पुरवंतानं एक कडवं टाकलं की समोरच्यांनी "आहा रुद्रा! आहा देवा!" म्हणून ते उचलायचं. उचललं तरच पुढचं निघतं. ही रीत हाय, अन् चाळीस वर्षांची सवयही हाय. चाळीस वर्षं ह्या माणसाला कुणी ना कुणी उत्तर दिलंय. भर उन्हात दिलंय, चिखलात दिलंय. अन् इथं ओळ टाकली की समोर चार पोरं तोंड शिवून उभी. चौघंही गुग्गुळात नाचून मोठी झालेली! पण लाल दिवा लागला, किशनराव गप म्हणला, की गप.

"अरे मुडद्यांनो!" मी उठलेच. "लहानपणापासून गुग्गुळापुढं बोंबलत फिरलात, अन् आज तोंडात काय गुळणी धरलीय? साथ कोण देणार त्यांना? मी?"

विरूपाक्षानं जीभ चावली. "काकू... आमच्या ध्यानातच न्हाई. रेकॉर्डिंगमधी दुसरा आवाज नको असं..."

"मग आता दे की!"

दिली बिचाऱ्यानं. चौथ्यांदा सुरू केलं, मालकांनी ओळ टाकली, अन् विरूपाक्ष "आहा रुद्रा" म्हणला ते शाळेत हजेरी दिल्यासारखं. हाताकडं ध्यान दिलं तर तोंड चुकायचं, तोंडाकडं दिलं तर हात. गिटार कुठल्या कुठं गेली. बाकी तिघांचीही तीच गत. मालकांनी डोळे मिटून घेतले. आता अजून एक बार निघाला तर निघाला, त्यापुढं न्हाई, हे मला काचेतून दिसून राहिलं होतं. किशनरावाला ओडपू येत न्हाई. दुसऱ्या कुणाला बोलवायला वेळ न्हाई.

आमच्यात बाया साथ देत न्हाईत. बायांनी आरतीचं ताट घेऊन मागून चालायचं. तेहतीस वर्षं मी ताट घेऊन मागून चालले. पण मनातल्या मनात एकही "आहा रुद्रा" मी चुकवलेलं न्हाई, देवाशपथ.

मी दार उघडलं अन् काचेच्या खोलीत जाऊन मालकांसमोर उभी राहिले. किशनराव मागून दुसरे हेडफोन घेऊन धावला. मालक माझ्याकडं बघत राहिले. मला वाटलं, आता हाकलतात. त्यांनी तलवार उजव्या हातातून डाव्या हातात घेतली, मला उभं राहायला जागा केली.

दिवा लागला. ढोल सुरू झाला, गिटारी आल्या. मालकांनी ओळ टाकली.

"आहा रुद्रा! आहा देवा!"

माझा आवाज असा निघंल हे मला माहीत न्हवतं. बांगड्यासुद्धा वाजल्या, वाजू दे म्हणलं. मालकांचे डोळे मोठे झाले अन् दुसरी ओळ अशी आली की मी एक पाऊल मागं सरले. मग काय! दक्षाचा यज्ञ आला, सतीचं जळणं आलं, शंकरानं जटा आपटली, वीरभद्र उठला. पोरं नुसती पेटली. मी एक उत्तर दिलं की मालक एक पायरी वर. मला घसा दिसत न्हवता, गाठ दिसत न्हवती, माझा माणूस उभा होता समोर अन् मी त्याला पुढं ढकलून राहिले होते. दक्षाचं मुंडकं उडालं तेव्हा आवाजात फक्त वारा उरला होता, पण शेवटचा शब्द मालकांनी पुरा केला. अकरा मिनिटं. दिवा विझला.

"झालं, वहिनी," किशनराव म्हणला. "आता काही जोडायचं नाही."

मालक खाली बसले, अख्खा तांब्या पाणी प्याले अन् हसले. हसण्याला आवाज न्हवता.

घरी आल्यावर मात्र माझी झोप उडाली. मालकांच्या तोंडून कुजबुजसुद्धा निघेना. मीच पुढं ढकललं ना त्यांना! चांगलं घरी घेऊन यायचं सोडून समोर उभी राहिले, अजून म्हणा, अजून म्हणा. डॉक्टरला काय सांगू? ऑपरेशनच्या दिवशी सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, कपाळाला हात लावला अन् ऑपरेशन केलं. गाठ काढली, बाटलीत घालून तपासायला पाठवली. म्हणले, बारा दिवस तोंडातून हू का चू नाही. बाराव्या दिवशी या, रिपोर्ट पण आलेला असेल.

ते बारा दिवस वैऱ्यावर येऊ नयेत. सहाव्या दिवशी विरूपाक्ष फोनमधी गाणं घेऊन आला. ते ऐकायला मलप्पा आले. ऐंशी वर्षांचे, उदगिरात सगळ्यात थोरले पुरवंत. मी चहा ठेवला अन् भांडायची तयारी करून बसले. त्यांनी फोन कानाला लावून अकराच्या अकरा मिनिटं ऐकलं.

"साथीला बाई हाय?"

"हाव. मीच हाय."

मलप्पांनी मान हलवली. "वेळेवर दिली." मग बशीत चहा ओतत म्हणले, "ती पोरं काय वाजवून राहिली ते मला काही कळलं न्हाई. पण मुंडकं बरोबर उडालं."

मालक अंथरुणावर तोंड दाबून हसले, टाके तुटतील म्हणून मी ओरडले. घशात टाके नसतातच, हे मला विरूपाक्षानं सांगितलं.

बाराव्या दिवशी नांदेड. डॉक्टरनं पाकीट फोडलं, कागद वाचला. वाचायला त्यांना लई वेळ लागला, का मलाच तसं वाटलं. मग म्हणले, "साधी गाठ आहे. ओरडून ओरडून झालेली. कॅन्सर नाही."

"पुन्हा एकदा म्हणा," मी म्हणलं.

"कॅन्सर नाही, मावशी."

शिवा शिवा! मी तिथंच फरशीवर फतकल मारून बसले. नर्स धावत आली, तिला वाटलं मी पडले. मी पडले न्हवते, मी संक्रांतीपासून पहिल्यांदा नीट बसले होते. मालक खुर्चीवरून वाकून माझा हात धरून राहिले होते.

डॉक्टरनं घशात पुन्हा कॅमेरा घातला. बघितलं, पुन्हा बघितलं. "चांगलं भरून आलंय," म्हणले. "आता बोला. हळू, ओरडायचं नाही. मनात येईल ते बोला."

मालकांनी घसा खाकरला. डॉक्टरकडं बघितलं, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बघितलं. भ्याले होते. एवढा तलवार घेऊन नाचणारा माणूस, पण आवाज येतो का न्हाई ह्याला भ्याला होता. मग खाली माझ्याकडं बघितलं.

"बसम्मा," म्हणले.

आमच्यात नाव घेत न्हाईत. तेहतीस वर्षं ह्या माणसाला मी रुद्राणीची माय, अन् रुद्राणी व्हायच्या आधी नुसतीच 'अगं ए'. माझं नाव त्यांच्या तोंडात कसं वाजतं ते मला माहीतच न्हवतं. आवाज बारीक होता, जरा घोगरा, पण त्यांचाच होता. पुन्हा म्हणले, आता थोडं मोठ्यानं, "बसम्मा."

डॉक्टर कागदावर काहीतरी लिहून राहिले होते. मी पदरानं तोंड पुसलं अन् म्हणलं, "ओ."